एरंगळच्या परसातला धूर

मुंबईत मढजवळच्या एरंगळला ताई-भावोजींच्या परसात एक पेलेट स्मोकर आहे, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या कांड्या जाळून त्यांच्या धुरात मांस भाजणारं यंत्र. डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी सव्वातीनला भावोजींचा फोन आला. ‘‘अरे, आता डब्यातूनपण धूर यायला लागला. कांड्यांच्या डब्यातून. झाकण लावून ठेवू की उघडू?’’

मी म्हटलं, उघडू नका. मटणाची रान, ती अख्खी तंगडी, बाहेर काढा, फीडचं बटण दाबून ठेवा म्हणजे स्क्रू फिरत राहील आणि नळीत जे काही धुमसतंय ते पुढे वाटीत जाऊन पडेल, मग शटडाउन लावा. ज्वाळ दिसली तर मेन स्विच बंद करून वाळू टाका, पाणी नको. एरंगळला वाळूची काय कमी. पलीकडे जरा शांतता. ‘‘मी तर प्लग काढून टाकला,’’ भावोजी म्हणाले, ‘‘नेहमी काढतो तसाच.’’

त्या ‘नेहमी’कडे तेव्हा माझं लक्ष गेलं नाही. आग लागली नाही, रान कडू झाली, आणि पुढच्या शनिवारी मी मढला गेलो.

मी हॉटेलांच्या किचनला हूड आणि डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारे पत्र्याचे नळ, बसवतो. पेलेट स्मोकर हे माझं क्षेत्र नाही. पण धूर कुठूनही यायचा तर त्याला कोणीतरी ढकलावं लागतं, हे तंदुरला लागू असतं तसंच परसातल्या यंत्रालाही. शिवाय ताईने वेगळा निरोप दिला होता: शेजारच्या काकूंचे वाळत घातलेले कपडे तीनदा धुवावे लागले, आता बोलणंही जेवढ्यास तेवढं.

यंत्र भाच्याचं. तो डॅलसहून परतला तेव्हा घरसामानाच्या कंटेनरमधून हेही आलं. तो बंगळूरला नोकरीला लागला आणि यंत्र एरंगळच्या घरामागे राहिलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: बाजूला एक डबा म्हणजे हॉपर, त्यात लाकडाच्या भुशाच्या कांड्या, साधारण ६ मिलिमीटर जाड. भुसा प्रचंड दाबाने साच्यातून काढला की लाकडातलंच लिग्निन गरम होऊन त्याला बांधून ठेवतं, वेगळा डिंक लागत नाही. हॉपरखाली एक लांब स्क्रू, ज्याला ऑगर म्हणतात, तो या कांड्या थोड्या थोड्या करून मधल्या लोखंडी वाटीत ढकलतो. वाटीत सुरुवातीची काही मिनिटं तापणारी एक सळई, आणि वाटीच्या भोकांतून वारा घालणारा पंखा. वर पत्र्याचा आडोसा, त्यावर तेल गळायचा ट्रे, त्यावर जाळी, जाळीवर मांस. धूर एका बाजूच्या धुराड्यातून बाहेर. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत घरं गरम करायला पेलेटच्या शेगड्या आल्या. १९८० च्या दशकात ओरेगनमधल्या जो ट्रेगरने तीच कल्पना मांस भाजायला वापरली. आज बऱ्याच कंपन्या असली यंत्रं करतात. भाच्याचं कोणत्या कंपनीचं हे इथे महत्त्वाचं नाही, कारण त्यातला बराचसा दोष यंत्राचा नव्हताच.

भावोजींनी आधी काय काय करून ठेवलं होतं, ते ऐकण्यासारखं आहे. झाकणाच्या पुढच्या कडेने धूर येतो म्हणून ऑक्टोबरात त्यांनी बाथरूमच्या टाइल्सना लावतात ते पांढरं सिलिकॉन भरलं. आठवडाभरात ते तपकिरी झालं आणि रबर जळल्यासारखा वास मारायला लागलं. ते खरवडून नागदेवी स्ट्रीटहून काचतंतूंची पट्टी आणली आणि झाकणाच्या चारी कडांना चिकटवली. बिजागरीच्या फटी अॅल्युमिनियम टेपने बंद. मग तेलाच्या बादलीकडे जाणाऱ्या नळीभोवतीही टेप. प्रत्येक वेळी एक गळती थांबली आणि दुसरीकडून सुरू झाली. झाकण, मग बिजागरी, मग बादली, आणि सगळं बंद झाल्यावर हॉपर. भावोजी बँकेतून निवृत्त झालेत, हिशेबात कच्चे नाहीत. पण धुराचा ताळेबंद त्यांनी एकाच बाजूने मांडला होता. आत किती जातंय आणि बाहेर जायला किती वाट आहे, हे कोणी पाहिलंच नव्हतं.

मी आग न लावता सुरुवात केली. यंत्र थंड, फक्त पंखा चालू, हातात अगरबत्ती. अगरबत्तीचा धूर फार पातळ असतो, वारा जरा इकडचा तिकडे झाला तरी लगेच वाकतो. झाकणाच्या पट्टीजवळ धरली: धूर सरळ वर. म्हणजे पट्टी काम करत होती. हॉपरचं झाकण उघडून आत, कांड्यांवर धरली: धूर वर उसळला, खालून फुंकर मारल्यासारखा. धुराड्याच्या टोपीखाली धरली, जिथे खरं तर तो जोरात बाजूला उडायला हवा होता, तिथे तो नुसता रेंगाळला. पंख्याची हवा हॉपरातून बाहेर पडत होती आणि धुराडं जवळजवळ झोपलं होतं.

टोपीकडे बघितलं. धुराड्यावरची टोपी आट्यांवर फिरते, वरखाली करता येते. जूनमध्ये पाऊस आत जाऊ नये म्हणून भावोजींनी ती फिरवून फिरवून पार खाली आणली होती, आणि दसरा-दिवाळी होऊन गेली तरी ती तिथेच होती. मी खिशातली स्टीलची पट्टी फटीत घातली: ८ मिलिमीटर. त्यातही वरच्या बाजूला काजळी आणि चरबीचा डांबरासारखा थर.

आता इथे डक्टवाल्यांचा एक साधा हिशेब. नळीचा व्यास ३ इंच, म्हणजे ७६ मिलिमीटर. टोपीखालची फट ही एक वर्तुळाकार पट्टी आहे: परीघ गुणिले उंची. ती नळीच्या तोंडाइतकी मोकळी व्हायची तर उंची व्यासाच्या चौथ्या भागाइतकी लागते, म्हणजे १९ मिलिमीटर. त्याहून कमी असली की टोपीच झडप होते. इथे ८, म्हणजे निम्म्याहून जास्त धुराडं बंद. पंखा तर आत हवा ढकलतोच आहे. मग ती हवा धुरासकट जिथे फट सापडेल तिथून निघणार. झाकण घट्ट केलं तर बिजागरीतून, बिजागरी बंद केली तर ऑगरच्या नळीतून उलटी हॉपरात. आणि हॉपरात नुसता धूर आला तर वास, पण त्याच्या मागोमाग निखारा सरकला तर दहा किलो सुकं जळण तिथेच भरून ठेवलेलं असतं.

टोपी वर केली, दीड इंच. तारेच्या ब्रशने काजळी काढली. पुन्हा अगरबत्ती: धुराड्याखाली धूर आडवा झाला, हॉपरात मात्र अजून जरा वर येत होता.

मग खाली वाकून पंख्याकडे पाहिलं. हॉपरच्या तळाशी हवा आत घ्यायची पत्र्याची फटीफटींची खिडकी असते. तिच्यावर आतून मच्छरदाणीची बारीक जाळी चिकटवलेली. ‘‘पाल शिरते हो आत,’’ ताई म्हणाली, ‘‘मागे एक वाळून निघाली होती.’’ पालीचा बंदोबस्त झाला होता, पण जाळीवर समुद्राकडची बारीक वाळू, कोळिष्टकं आणि शेवरीच्या कापसासारखी धूळ यांचा नमदा बसला होता. बोटाने ओढला तर अख्खा निघाला, चपातीसारखा. जाळी काढून टाकली आणि तिच्या जागी मोठ्या भोकांची, पाल अडेल पण हवा अडणार नाही अशी लोखंडी जाळी बसवली. वाटी बाहेर काढली: खालच्या रांगेतली भोकं राखेने बुजलेली. चांगल्या कांड्यांची राख एक टक्क्याहून कमी असते, तरी वाटीत ती साचत जाते. दोन-तीन वापरांनंतर व्हॅक्युम क्लीनर फिरवायला हवा, अर्थात राख पूर्ण थंड झाल्यावर.

एवढ्यावर प्रकरण संपायला हवं होतं. संध्याकाळी आग लावली, झाकणाखाली फक्त कोंबडीच्या चार तंगड्या. झाकणातून धूर नाही, बिजागरीतून नाही. पण धुराड्यातून निघणारा धूर पांढरा आणि दाट, पहिल्या दहा मिनिटांनंतरही. नीट जळत असलेल्या पेलेटचा धूर निळसर, जेमतेम दिसेल इतका असतो. पांढरा म्हणजे जळण घुसमटतंय, त्याला पुरेशी हवा नाही. तोच धूर मांसावर बसला की जिभेला कडू लागतो. तंगड्या खाल्ल्या, पण कोणी दुसरी मागितली नाही.

पंख्याला हवा मिळत होती, धुराडं मोकळं होतं, वाटी साफ होती. मग पंखाच कमी पडत असणार. ब्लोअर तपासायला माझ्याकडे वेग मोजायचं लेझरचं यंत्र असतं. पंख्याच्या पट्टीवर मिनिटाला ३००० फेरे लिहिलेले, यंत्रावर आले २५४०. मी बेअरिंग बघितलं, पातं हाताने फिरवलं, हलकं फिरत होतं. मग डोक्यात आलं ते मी आधी विचारायला हवं होतं. ‘‘भावोजी, वीज कशावरून दिलीय?’’

लॅमिंग्टन रोडवरून आणलेला ट्रान्सफॉर्मर, २३० व्होल्टचे ११० करणारा. चांगला जड, तांब्याचा, काम चोख करणारा. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपल्याकडे ५०. या यंत्रातला पंखा आणि ऑगरची मोटर दोन्ही साध्या एसी मोटरी, त्यांचा वेग विजेच्या आवर्तनांना बांधलेला. ६० ला जेवढं पळायचं त्याच्या पाच षष्ठांश, त्याच्या आसपास इथे पळणार.

भावोजींना हे पटेना. ‘‘कंट्रोलरवर तर तापमान बरोबर दाखवतंय!’’ म्हणून ताईची नेलपॉलिशची बाटली मागवली, ऑगरच्या मागच्या दांड्यावर लाल ठिपका दिला आणि फीडचं बटण दाबून घड्याळ लावलं. मोटरवर लिहिलंय मिनिटाला २ फेरे, म्हणजे दहा फेऱ्यांना पाच मिनिटं. भावोजी उकिडवे बसून मोठ्याने मोजत होते. दहावा फेरा पुरा झाला तेव्हा सहा मिनिटांना चार सेकंद कमी होते.

कंट्रोलर तापमान बरोबर दाखवत होता त्याचं कारणही इथेच आहे. स्क्रू हळू फिरतोय, कांड्या कमी पडताहेत, तापमान घसरतंय असं दिसलं की कंट्रोलर स्क्रूला जास्त वेळ चालू ठेवतो. जळणाची तूट तो अशी भरून काढतो. पंख्याची तूट मात्र त्याला भरता येत नाही, कारण पंखा आधीच पूर्णवेळ चालू असतो. म्हणजे जळण पुरेपूर आणि हवा कमी. शिवाय पंख्याचा वेग कमी झाला की हवा त्या प्रमाणात घटते, पण दाब वर्गाने घटतो. २५४० ला ३००० ने भागून वर्ग केला तर दाब जवळपास तीस टक्क्यांनी घटलेला. या रचनेत पंख्याची थोडी हवा ऑगरच्या नळीच्या तोंडाशीही सोडलेली असते, धुराला हॉपराकडे येऊ न देण्यासाठी. दाब पडला की ती राखणही सैल.

(बऱ्याच नव्या यंत्रांत पंखा आणि स्क्रू डीसी मोटरवर चालतात. त्यांना हर्ट्झचा हा त्रास नाही, योग्य पुरवठा दिला की झालं. परदेशातून सामान आणताना मोटरीवरची पट्टी वाचावी. आपण सगळे व्होल्ट बघतो आणि तिथेच थांबतो.)

उपाय दोन होते. पंखा आणि मोटर आपल्या विजेच्या घालायच्या, पण मग कंट्रोलरमधून निघणाऱ्या ११० व्होल्टवर त्या चालवायला मध्ये रिले, म्हणजे एका विजेच्या इशाऱ्यावर दुसरी वीज चालूबंद करणारे खटके, लावावे लागले असते. मी दुसरा घेतला: १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, ११० व्होल्ट ६० हर्ट्झ देणारा शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर, आणि बॅटरीला चार्जर. सळई तापताना तीनशे वॅटच्या आसपास लागतात, तेही थोडीच मिनिटं. नंतर पंखा, मोटर आणि कंट्रोलर मिळून किरकोळ. यात फुकटात एक गोष्ट पदरात पडली: मढला वीज गेली तरी पंखा थांबत नाही. पेटलेल्या वाटीवरचा पंखा अचानक थांबला की धूर सावकाश हॉपराकडेच चढतो.

आणि इथे ते ‘नेहमी काढतो तसाच’ आठवलं.

भावोजी स्वयंपाक झाला की भिंतीवरचा प्लग काढायचे. मिक्सरचा काढतात तसा. शटडाउनचं बटण दाबलं की स्क्रू थांबतो पण पंखा काही मिनिटं चालू राहतो, वाटीतलं सगळं जळून जाईपर्यंत. प्लग काढला की वाटी अर्धवट जळालेल्या कांड्यांनी भरलेली राहते, नळीत निखारा राहतो, आणि पुढच्या वेळी पेटवताना जुन्या ढिगावर नवी भर पडते. सुरुवातीचा तो भळाभळा पांढरा लोट, काकूंच्या चादरींवर बसणारा, त्यातला मोठा वाटा याचा होता. ‘‘शटडाउनला इतका वेळ लागतो म्हणून मला वाटलं ते बिघडलंय,’’ भावोजी म्हणाले. पुस्तिकेत लिहिलं होतं. पुस्तिका ताईने रद्दीत दिली होती.

हॉपर रिकामा केला तर तळाशी मूठ-दोन मुठी नुसता भुसा. अर्धी पिशवी पावसाळाभर हॉपरातच होती. कांड्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आत असावं लागतं. मुंबईत जुलैत हवाच ८५ टक्क्यांच्या घरात दमट, मग कांडी ओल ओढते, फुगते, आणि स्क्रूने दाबली की तिचा पुन्हा भुसा होतो. एक कांडी मोडून पाहा: चांगली असेल तर कट्‌कन तुटते, दमट असेल तर मऊ बिस्किटासारखी मुकाट दुभंगते. उरलेल्या आता घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात, घरात. भावोजींनी मध्यंतरी बॉयलरवाल्यांकडून स्वस्तात पेलेट मिळतात का याचीही चौकशी केली होती. ती भुईमुगाच्या टरफलांची, बगॅसची, कुठल्याही भुशाची असतात, राख भरपूर, आणि भुशात रंगवलेलं लाकूड किंवा प्लायवूड होतं की नाही हे कोणी सांगू शकत नाही. कारखान्याच्या बॉयलरला ठीक. खायच्या पदार्थाखाली ते जाळू नये.

झाकणाच्या पट्टीचं काय, हा भावोजींचा सगळ्यात कळीचा प्रश्न होता. ती मी काढायला लावली. काचतंतूंची पट्टी कडेला झिजली होती आणि तिचे चमकणारे बारीक तंतू जाळीच्या कोपऱ्यात दिसत होते. ते मांसावर नकोत. (बाजारात अॅस्बेस्टॉसची दोरीही अजून मिळते. तिचं नावही काढू नका.) स्मोकरसाठी नोमेक्सची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या धाग्याची, चिकटपट्टी येते, ती फक्त झाकणाच्या पुढच्या कडेला लावली. बिजागरीकडची टेप काढून टाकली आणि तिथे परत काही भरलं नाही. बिजागरीतून थोडा धूर अजूनही येतो. पंखा आत ढकलणारं यंत्र आहे, ते प्रेशर कुकर नाही. धुराडं मोकळं असताना झाकणाच्या कोपऱ्यातून आलेली धुराची एक बट काही बिघडवत नाही. हॉपरचं झाकण मात्र घट्टच हवं, तिथे नवी रबरी पट्टी घातली. माझ्या मते घरगुती स्मोकरला सील लावण्यात लोक नको तितका जीव काढतात. पण भावोजींना ती बट अजून खुपते, हे मला माहीत आहे.

राहिल्या काकू. यंत्र परसाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, कुंपणाच्या भिंतीला टेकून, धुराडं भिंतीकडे. एरंगळला दुपारी वारा समुद्रावरून, पश्चिमेकडून येतो. भिंतीवरून उचलला जाऊन धूर पलीकडे काकूंच्या दोरीवर उतरायचा, आणि भिंतीपाशी फिरलेला वारा उलटा टोपीत शिरायचा. यंत्र भिंतीपासून पाच फूट पुढे घेतलं आणि धुराडं मोकळ्या बाजूला आलं. त्याहून उपयोगी पडली ती वेळ. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, दहा-अकरानंतर फिरतो. सगळ्यात जास्त धूर पेटवताना आणि पहिल्या दोनेक तासांत, मांसालाही धुराचा वास तेव्हाच जास्त लागतो. म्हणून पहाटे सहाला पेटवायचं, वारा फिरेपर्यंत धूर समुद्रावर. काकूंचा मुलगा म्हणाला होता की हे सगळं कायद्यात बसतं का ते एकदा बघायला हवं. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बेकऱ्या आणि हॉटेलांच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बदलायला सांगितलं तेव्हापासून माझी बरीच कामं त्याच बदलांची आहेत, त्यामुळे मला त्याचं म्हणणं उडवून लावता आलं नाही. परसातल्या चुलीवर तो आदेश नव्हता, पण चादरी त्याच्या आईच्या होत्या.

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी पहाटे सव्वासहाला पुन्हा पेटवलं. पावणेदोन किलोची रान, आले-लसूण आणि ताईचा घरचा मसाला लावून रात्रभर ठेवलेली. १०७ अंश. आठ-दहा मिनिटं पांढरा धूर आला, मग तो पातळ होत गेला आणि धुराड्यावर नुसती हवा थरथरताना दिसायला लागली. अधूनमधून निळी रेघ. भावोजींना वाटलं विझलं. झाकण उघडायला निघाले होते, त्यांना धरून बसवलं. दहा फेरे मोजले: पाच मिनिटं, दोन सेकंद कमी-जास्त. अगरबत्ती हॉपरवर धरली तर धूर सरळ उभा. बाराच्या सुमारास रानेच्या आत ९३ अंश झाले, हाड हाताने फिरवलं तर निघून आलं. मग शटडाउन, आणि भावोजी पंखा थांबेपर्यंत प्लगकडे पाठ करून उभे.

काकूंकडे डबा गेला. त्या काही बोलल्या नाहीत, डबा धुऊन परत आला, आत चार ओली सुपारी.

पावसाळ्याचा प्रश्न होताच. टोपी खाली केल्याशिवाय पाणी आत जाणार, आणि खाली केली की पुन्हा तेच. शेवटी ताईनेच सोडवला: टोपीच्या आट्यांवर १९ मिलिमीटरच्या खुणेला तिने तीच लाल नेलपॉलिश लावली, टोपी याच्या खाली नाही. आणि यंत्र थंड असेल तेव्हा पावसात धुराड्यावर उलटं घालायला एक जुनं, बूड गेलेलं नसलेलं पातेलं माळ्यावरून काढून ठेवलंय. पातेल्याच्या कडीला तिने दोरी बांधून दुसरं टोक मेन स्विचच्या खटक्याला बांधलंय, म्हणजे पातेलं उतरवल्याशिवाय स्विच लावता येणार नाही.